सव्वीस घरं

"म्हणजे आपलेच फोटो ठेवायला आपण दुसऱ्याच्या घरात भाड्यानं खोली घ्यायची?" तात्यांनी विचारलं.

"खोली नाही हो तात्या, वेबसाइट. आणि तिच्यात गॅलरी. लग्नाचे फोटो तिथं टाकायचे, लोकांनी आपापल्या गावी बसून बघायचे."

"आणि किल्ली कोणाकडं?"

"आपल्याकडंच. पासवर्ड असतो."

"घरमालकाकडं दुसरी किल्ली असतेच की," तात्या म्हणाले आणि पुन्हा पासपोर्ट फोटो कापायला लागले.

तात्या म्हणजे माझे सासरे, विष्णुपंत म्हेत्रे. विट्याच्या दर्पण फोटो स्टुडिओचे मालक. वय तेव्हा चौऱ्याहत्तर, पण कात्री अशी चालायची की पासपोर्ट फोटोची कड बघून परगावचा फोटोग्राफरसुद्धा ओळखायचा, हा दर्पणचा. आमचे हे व्हिडिओ शूटिंग करायचे आणि लग्नाच्या हंगामात घरी फक्त बॅटऱ्या चार्ज करायला यायचे. त्यामुळं स्टुडिओत दिवसभर आम्ही दोघंच, सासरा आणि सून. मी तोंडाळ, ते अबोल. आमचं छान जमायचं. सात वर्षं झाली आता या गोष्टीला.

वेबसाइटचं खूळ माझं, पण ते उगाच नव्हतं. आमच्या भागात घरटी एक तरी माणूस गलाईच्या धंद्यात असतो. सोनं-चांदी गाळायचं काम. त्यासाठी माणसं पार कोईमतूर, लुधियाना, कोलकात्यापर्यंत जाऊन दुकानं थाटतात. लग्न मात्र गावातच करायचं. लग्न झालं की वऱ्हाड चार दिशांना पांगतं आणि मग माझा फोन वाजायला लागतो. "वहिनी, माझा करवलीबरोबरचा फोटो तेवढा टाका." "रोहिणीताई, आमच्या दिराला लुधियानात फोटो पाठवा." दोन हजार फोटोंतून प्रत्येकाचं थोबाड शोधून पाठवता पाठवता माझ्या अंगठ्याला घट्टे पडायचे बाकी होते.

तर मी तीन कंपन्या काढल्या. एक परदेशी होती, दिसायला देखणी आणि सगळं इंग्रजीत. एक सांगलीचा मुलगा होता, साधी वेबसाइट आणि प्रत्येक लग्नाला वेगळा पासवर्ड, बस. आणि तिसरी बंगळूरची. या बंगळूरवाल्यांकडं एक जादू होती. पाहुण्यानं फक्त आपला चेहरा मोबाईलला दाखवायचा, की हजारो फोटोंतून त्याचे तेवढे फोटो आपोआप समोर येणार.

मी तर खुळीच झाले. बंगळूरचा माणूस फोनवर म्हणाला, "मॅडम, ट्रायल में सब अनलिमिटेड है. जितना डालोगे उतना मजा आयेगा."

मी दोन दिवस बसून स्टुडिओची अख्खी हार्ड डिस्क वर चढवली. साखरपुडे, लग्नं, बारशी, सगळं. आणि त्यात 'स्थळ' नावाचा एक फोल्डर होता.

आता या फोल्डरबद्दल सांगायलाच हवं, नाहीतर माझं पाप तुम्हाला कळायचं नाही.

आमच्याकडं मुलगी लग्नाची झाली की तिचा साडीतला उभा फोटो काढतात, स्थळांना दाखवायला. तात्यांनी पंचेचाळीस वर्षं असे फोटो काढले आणि एक रीत पाळली. मुलीचं लग्न ठरलं की तिची निगेटिव्ह आणि उरलेल्या प्रती पाकिटात घालायच्या, वर नारळ ठेवायचा आणि तिच्या वडिलांच्या हातात नेऊन द्यायचा. म्हणायचं, "तुमच्या लेकीचा फोटो आता आमच्याकडं नाही." एवढंच. त्या एका वाक्यावर बारा गावच्या मुली आमच्या स्टुडिओची पायरी चढायच्या. कॉम्प्युटर आला तशी निगेटिव्ह गेली, पण तात्यांनी रीत सोडली नाही. त्यांना बातमी लागली की मला म्हणायचे, "सूनबाई, अमक्यांच्या मुलीचं जमलं. पुसून टाक." मी म्हणायचे, "पुसलं तात्या." मग ते नारळ घेऊन निघायचे.

मी एकही पुसला नव्हता.

का म्हणाल, तर ते माझे सगळ्यात चांगले फोटो होते. लग्नातल्या फोटोत माणसं कॅमेऱ्यासाठी हसतात. इथं मात्र दार लावून मी आणि ती मुलगी, दोघीच. दोन-चार चेष्टेचे शब्द टाकले की ती मोकळी व्हायची, आणि त्या एका क्षणाला मी बटण दाबायचे. ते कसं पुसणार? कधीतरी कामाला येतील, स्पर्धेला पाठवू, असं म्हणत मी ठेवत गेले. बरं, नुसते ठेवले नाहीत. ओळखू यावेत म्हणून प्रत्येकाला नाव दिलं, आणि नाव देताना माझं तोंड जसं चालतं तसाच हातही चालला.

चढवताना त्या फोल्डरवर माझी नजर गेली नव्हती असं नाही. गेली होती. म्हटलं, जाऊ दे, पासवर्ड तर माझ्याकडंच आहे.

देवकरांच्या शैलजाची हळद होती. मांडव दारातच घातलेला. शैलजा आमच्याकडची जुनी मुलगी. तिचं ठरलं होतं कोईमतूरला गलाईचं दुकान असलेल्या विक्रम साळुंख्याशी. साखरपुड्याचे फोटो मीच काढले होते, आणि साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी तात्या नारळ घेऊन देवकर अण्णांकडं जाऊनही आले होते.

अकराच्या सुमारास नवऱ्याकडच्या बायका उष्टी हळद घेऊन आल्या. पुढं विक्रमची थोरली बहीण नंदिनी, मागं त्याची आत्या, आणखी दहा-बारा जणी. मुहूर्ताला अर्धा तास अवकाश होता. शैलजाला पिवळी साडी नेसवून आतल्या खोलीत बसवली होती आणि सगळ्या तिच्याभोवती. मी मुद्दाम लॅपटॉप नेला होता. साळुंख्यांचा गोतावळा केवढा! कोईमतुरात त्यांच्या ओळखीची शंभर घरं. नंदिनीला गॅलरी आवडली की निम्म्या गलाईवाल्यांची लग्नं आपलीच, असा माझा हिशोब. मी लॅपटॉपची वायर देवकरांच्या मोठ्या टीव्हीला जोडली.

"नंदिनीताई, या इकडं. नुसतं मोबाईलकडं बघा. काही करायचं नाही."

तिनं बघितलं. टीव्हीवर भराभर तिचे साखरपुड्यातले फोटो आले. पंगतीत वाढताना, ओवाळताना, एका कोपऱ्यात लेकराचं नाक पुसताना.

"अगं बाई! हा कधी काढलात?" नंदिनी हरखून गेली. "आत्या, बघ की गं, नाक पुसतानासुद्धा धरलंय मला!"

बायकांची झुंबड उडाली. माझा दाखवा, माझा दाखवा. मी तर हवेतच. गावात कुणी बघितलं नव्हतं असं काहीतरी मी दाखवत होते आणि सगळ्या मला 'ताई, ताई' करत होत्या. आत्याबाईंचा चेहरासुद्धा ओळखला मशिननं, तेव्हा त्या पदरानं तोंड झाकून हसल्या.

"आता नवरीचं बघू की," नंदिनी म्हणाली. "हळद लागायच्या आधी. नंतर ओळखायचं नाही ते."

शैलजा म्हणाली, "राहू द्या हो, मला कशाला."

"अशी कशी राहू देईन?" मी म्हणाले आणि मोबाईल तिच्यासमोर धरला.

आधी साखरपुड्याचे फोटो आले. साठ-सत्तर असतील. बायका "गोड दिसतीये" म्हणेपर्यंत ते सरकले आणि खाली दुसरी रांग उघडली. तिच्यावर ठळक अक्षरात फोल्डरचं नाव: 'शैलजा देवकर, स्थळ १, हिरवी साडी, २००९.' खाली 'स्थळ २, चष्म्याशिवाय.' खाली 'स्थळ ४, नकार आला, रंग उजळ करणे.' 'स्थळ ७, वय कमी दिसेल असा.' 'स्थळ ९, आई म्हणते दात दाखवू नको.'

मी वायर ओढायला हवी होती. टीव्ही आपला सावकाश खाली सरकत राहिला. सगळ्यात खाली शैलजा, निळ्या साडीत, दोन वर्षांपूर्वीची, आणि वर माझे शब्द: 'स्थळ ११, आता तरी जमू दे बाई.'

आत्याबाई बोलल्या, आणि मोठ्यानं बोलल्या.

"अकरा जागी दाखवली व्हती व्हय? आमाला तर शिक्षणापायी थांबवली म्हून सांगितलं."

शैलजाची आई दारात हळदीची वाटी घेऊन उभी होती.

"आन् दोन हजार नऊ?" आत्याबाई बोटं मोजायला लागल्या. "तवा ही साडी नेसून हुबी म्हंजे ईस-बाविसाची असंल. मग आता सत्तावीस कशी हो?"

नंदिनीनं फोन घेतला आणि ती बाहेर गेली. जाताना मला तेवढं ऐकू आलं, "विक्रम, अरे इथं जरा..."

शैलजाचं लग्न माझ्या डोळ्यांसमोर मोडत होतं, आणि ते मी मोडत होते. हे मला कळत नव्हतं असं नाही. पण खोटं कशाला बोलू, त्या वेळी मला तिची काळजी नव्हती. मला एवढंच दिसत होतं की सगळ्या बायका आता टीव्हीकडं नाही, माझ्याकडं बघताहेत.

गलबला ऐकून बाहेरून देवकर अण्णा आत आले. त्यांच्यामागं तात्या. ते मांडवात पाहुण्यांबरोबर पान खात बसले होते. अण्णांनी टीव्हीकडं बघितलं, वाचलं, आणि तात्यांकडं वळले.

"तात्या, हे फोटो तुम्ही पुसले होते. माझ्या घरी येऊन सांगितलंत तुम्ही. नारळ दिलात."

तात्यांनी टीव्हीकडं बघितलं. मग माझ्याकडं. रागानं नाही. समजत नसल्यासारखं, एखादं अक्षर लागत नाही तसं.

आणि मी बोलले. मला कुणी विचारलं नव्हतं, तरी बोलले.

"अण्णा, तात्यांना कॉम्प्युटरमधलं कळत नाही हो. मी त्यांना दाखवून दिलं होतं कसं पुसायचं. त्यांच्याकडून राहिलं असणार."

जीभ कशी वळली, देव जाणे. एवढं सरळ, एवढं मऊ आवाजात. वर 'वय झालं ना त्यांचं' असंही म्हणणार होते, तेवढं राहिलं.

तात्या माझ्याकडंच बघत होते. आता त्यांना अक्षर लागलं होतं. त्यांनी तोंडातलं पान गालात सारलं, दोन्ही हात जोडले आणि अण्णांना म्हणाले, "हो. माझ्याकडून राहिलं. मी खोटा शब्द दिला तुम्हाला. क्षमा करा."

"क्षमा कसली तात्या! पोरीचं लग्न जातंय माझ्या!" अण्णांचा आवाज फाटला.

तेव्हा शैलजा उठली. पिवळी साडी सावरत ती टीव्हीसमोर येऊन उभी राहिली, तिचे ते अकरा फोटो मागं.

"आत्या, फोटो माझेच आहेत," ती म्हणाली. "अकरा जागी दाखवलं मला. सात जणांनी नाही म्हटलं, चार जणांना मी नाही म्हटलं. वय माझं एकतीस पुरं आहे. आईनं सत्तावीस सांगितलं ते चुकलं तिचं. पण ह्यांना सगळं ठाऊक आहे. साखरपुड्याच्या आधीच मी फोन करून सांगितलंय. हवं तर विचारा."

"फोन करून?" आत्याबाई बघतच राहिल्या.

"हो. खोट्यावर संसार कशाला मांडू?"

आई रडायला लागली. शैलजानं तिच्या हातातली वाटी काढून घेतली आणि पाटावर ठेवली. तोवर नंदिनी बाहेरून परत आली. चेहरा लाल. सगळ्या तिच्याकडं बघायला लागल्या.

"विक्रम शिव्या घालतोय मला," ती म्हणाली. "म्हणतो, मला सगळं माहीत आहे, तुम्ही तिथं हळद लावायला गेलाय का पंचायत भरवायला? आत्या, ऊठ. मुहूर्त जाईल."

आत्याबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "मला मेलीला काय," त्या पुटपुटल्या, "नवऱ्याला चालतंय तर मी कोण इचारणार." पहिली हळद त्यांनीच लावली.

लग्न वाचलं. मी वाचवलं नाही, तिनं वाचवलं, खरं बोलून. मी कॅमेरा उचलला, कारण काम तर करायलाच हवं होतं. गालाला हळद लागत असताना अगदी जवळून फोटो घ्यायला वाकले तेव्हा शैलजा हळूच म्हणाली, फक्त मला ऐकू जाईल एवढं:

"वहिनी, तात्यांना फोनमध्ये नंबर तरी सेव्ह करता येतो का हो?"

तिनं दुसरा गाल पुढं केला. "काढा," म्हणाली.

येताना तात्या माझ्या स्कुटीवर मागं बसले होते. बाजारपेठेच्या वळणावर मी म्हणाले, "तात्या, मी..."

"पुढं बघून चालव," ते म्हणाले.

घरी आल्यावर ते ओरडतील म्हणून मी वाट बघत बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी रडले असते, पाया पडले असते, चार दिवसांनी सगळं सरळ झालं असतं. त्यांनी हातपाय धुतले, कॉम्प्युटरजवळ खुर्ची ओढली आणि विचारलं, "आणखी कोणाकोणाचे आहेत?"

मी फोल्डर उघडला. ते चष्मा लावून एकेक नाव वाचत गेले. मी दिलेली नावं. 'भाव खाते', 'उंची लपव', 'दुसऱ्यांदा, आधीचं मोडलं'. सगळी वाचली. शैलजा धरून सव्वीस मुली. सगळ्यांची लग्नं ठरलेली, सगळ्यांच्या घरी तात्यांनी नारळ दिलेला.

"पूस," ते म्हणाले.

मी त्यांच्यासमोर एकेक पुसला. हार्ड डिस्कवरून गेले. मग वेबसाइटवरून पुसायला घेतले.

"इथनं पुसलं की गेलं?"

मी बंगळूरला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. माणूस खुशीत म्हणाला, "टेन्शन मत लो मॅडम, डिलीट करने के बाद भी तीस दिन बॅकअप में सेफ रहता है."

"म्हणजे नाही गेलं," तात्या म्हणाले. "मग महिनाभर थांबू. तोवर कुणाकडं जायचं नाही. पुसलं नसताना पुसलं म्हणून एकदा सांगून झालंय."

मग त्यांनी मला बाकीच्या दोन्ही ठिकाणी तेच विचारायला लावलं. परदेशी कंपनीचं उत्तर आठ दिवसांनी आलं, दोन पानांचं, आणि त्यात हो का नाही तेच कळेना. सांगलीचा मुलगा फोनवर म्हणाला, "पुसलं की गेलं ओ तात्या. लगेच. परत द्या म्हणून रडलात तरी माझ्याकडनं मिळायचं नाही, आधीच सांगतो."

"हा घे," तात्या म्हणाले.

महिन्यानं बंगळूरहून कागद आला की आता काही शिल्लक नाही. त्या दिवशी तात्यांनी धोतर-टोपी चढवली आणि पंचवीस नारळ आणले. देवकरांना त्यांनी पहिल्याच दिवशी हात जोडले होते, तरी त्यांच्यासाठी सव्विसावा आणला.

"तू येतीयस ना?" त्यांनी मला विचारलं.

"येते की. तात्या, तिथं गेल्यावर मी सांगू का? माझ्याकडून झालं म्हणून?"

"तुला सांगायचं असेल तर मी आडवा येणार नाही," ते म्हणाले.

पहिलं घर देवकरांचंच. शैलजा तोवर कोईमतूरला गेली होती. अण्णांनी पाणी दिलं. तात्यांनी तांब्या हातात घेतला, घोट घोट पाणी प्यायले, तांब्या खाली ठेवला आणि तरी गप्पच बसले. मी चुळबुळ करत होते. मग त्यांनी नारळ पुढं केला. "तुमच्या लेकीचा फोटो आता आमच्याकडं नाही. आधी सांगितलं ते खोटं होतं. माझ्याकडून राहिलं होतं."

दुसऱ्या घरी तसंच. पाणी, मग तो गप्प बसण्याचा वेळ, मग नारळ. तिसऱ्या घरी माझ्या लक्षात आलं. तो वेळ माझ्यासाठी होता. पाणी पिऊन झालं की ते मला जागा करून देत होते. मी बोलले की त्यांना बोलावं लागणार नव्हतं.

तिसऱ्या घरी मी ठरवलं, पुढच्या घरी बोलायचं. पुढचं घर माझ्या माहेरच्या ओळखीचं निघालं, तिथं कसं बोलणार? त्याच्या पुढच्या घरी बायका खूप होत्या. लेंगरे गावात मुलीचा भाऊ तापट होता. भाळवणीत मुलीची आजी मला "लक्ष्मीसारखी सून" म्हणाली, आणि एकदा असं म्हटल्यावर कुठलं तोंड उघडतंय. दर घराला माझ्याकडं काहीतरी कारण असायचं. दोन आठवडे आम्ही फिरत होतो. मी गाडी चालवायची, तात्या नारळाची पिशवी मांडीवर घेऊन मागं बसायचे. काही जणांनी समजून घेतलं. काही जणांनी नारळ परत केला. एका बाईनं तात्यांना उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. ते बाहेर उन्हात उभं राहून बोलले, टोपी काढून. मी स्कुटीजवळ उभी होते, किल्लीशी चाळा करत.

त्यांनी मला एकदाही विचारलं नाही, का बोलत नाहीस म्हणून. घरातही कुणाला सांगितलं नाही. आमच्या ह्यांना आजतागायत वाटतं की तात्यांच्या विसराळूपणामुळं ते सगळं झालं.

शेवटचं घर आळसंदला, यादव मास्तरांचं. मास्तर तात्यांचे जुने स्नेही, त्यांची मुलगी लुधियानात दिलेली. आम्ही ओसरीवर बसलो. मास्तरीणबाईंनी पाणी आणलं. तात्या पाणी प्यायले, तांब्या ठेवला. आणि या वेळी ते फार वेळ गप्प बसले. एवढा वेळ की मास्तरांनी विचारलं, "काय तात्या, बरं नाही का?" तात्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. समोर भिंतीकडं बघत बसले. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. 'मास्तर, ते माझ्याकडून झालं.' एवढंच. चार शब्द. पंचवीस घरांत ते मी मनात म्हणून म्हणून गुळगुळीत केलं होतं.

मी पदराचं टोक नीट केलं.

तात्यांनी नारळ काढला. "मास्तर, तुमच्या लेकीचा फोटो..." त्यांचा आवाज त्या दिवशी जरा बसला होता, पण सगळं सांगितलं त्यांनी. माझ्याकडून राहिलं, म्हणाले.

मास्तरांनी ऐकून घेतलं. नारळ मांडीवर ठेवला. त्यांना वाईट वाटलं होतं हे दिसत होतं, पण ते मोठ्या मनाचे होते. त्यांनी तात्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तात्या, रागावू नका, एक सांगतो. हे आता तुमच्या वयाचं काम नाही. सुनेच्या हातात द्या सगळं. शिकलेली आहे, हुशार आहे. असल्या चुका तिच्याकडून व्हायच्या नाहीत."

"हो," तात्या म्हणाले. "आता तिच्याच हातात देतो."

मास्तर माझ्याकडं वळून हसले. "काय सूनबाई, सांभाळाल ना?"

"सांभाळीन की," मी म्हणाले.